टेलरबाईंचा बोर्ड

टेलरबाईंचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. उंच माणसाला आत शिरताना मान वाकवावी लागते, आणि टेलरबाई म्हणतात की मापं घ्यायला ते बरंच आहे, माणूस आधीच नरम होऊन येतो. आत दोन मशीन, एक कापायचं टेबल, ट्रायलसाठी पडद्याआडचा कोपरा आणि खिळ्यांवर टांगलेल्या पँटी. नवीन कपडे त्या क्वचितच शिवतात. दुसऱ्यांनी शिवलेलं सुधारणं हा त्यांचा धंदा. कंबर सैल करणं, बाही आखूड करणं, कॉलर उलटवणं. "लोकांच्या चुका दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं माझं," असं त्या म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांच्या तोंडावर जराही दुःख नसतं.

दुकानासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे सिनेमाचं थिएटर. एकच पडदा, लाकडी हातांच्या खुर्च्या, बाल्कनीकडे जाणारा दगडी जिना. दर शुक्रवारी तिथे नवा सिनेमा लागतो. टेलरबाईंच्या सुट्टीचा वारही शुक्रवारच. बारा वाजताच्या खेळाला त्या जातात, बाल्कनीत तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरतात. गेल्या बावीस वर्षांत फार तर पंधरा शुक्रवार चुकले असतील. नवरा पूर्वी बरोबर यायचा, पण तो पाणीपुरवठ्याच्या खात्यात पहाटेच्या पाळीला, त्यामुळे अंधार झाला की घोरायचा. एकदा पडद्यावर नायकाची आई मरत असताना याचं घोरणं इतकं चढलं की पुढची माणसं वळून बघायला लागली. तेव्हापासून टेलरबाई एकट्या जातात.

आता बोर्डाची गोष्ट. दुकानातल्या कपाटाचं दार बिजागरीतून निघालं, तेव्हा टेलरबाईंनी ते काळं रंगवलं आणि बाहेर टेकवून ठेवलं. त्यावर कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूनं लिहिलं, 'अर्जंट कामं घेतली जाणार नाहीत.' खाली बरीच जागा उरली. त्या शुक्रवारी त्यांनी एक मारामारीचा सिनेमा पाहिला होता आणि डोकं तापलेलं होतं. शनिवारी सकाळी उरलेल्या जागेत त्यांनी लिहिलं, 'हिरो चौथ्या मजल्यावरून पडतो, पँटची क्रीज मोडत नाही.'

लोक थांबून वाचायला लागले. थिएटरच्या तिकिटाच्या रांगेतले रस्ता ओलांडून वाचून परत रांगेत जायला लागले. मग दर शनिवारी एक ओळ ठरूनच गेली. 'नायिका छान रडते. मध्ये गाणी नसती तर आपणही रडलो असतो.' 'मध्यंतरापर्यंत बघा, मग घरी जा.' 'व्हिलन चांगला. बाकीच्यांनी त्याच्याकडून शिकावं, निदान उभं कसं राहायचं ते.'

बोर्डाचा नियम एकच होता. शनिवारी लिहिलेली ओळ पुढच्या शुक्रवारपर्यंत पुसायची नाही. का, असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "सिनेमा आठवडाभर तोच राहतो ना? मग माझं मत का बदलावं?"

थिएटरचा डोअरकीपर त्यांचा जुना गिऱ्हाईक. त्याचा गणवेशाचा कोट त्यांनी दोनदा सैल करून दिला होता. तो एकदा भांडायलाच आला. "बाई, तुमच्या बोर्डामुळे काल अर्धं थिएटर मध्यंतरात उठून गेलं."

"गेलं ना? म्हणजे लोकांना वाचता येतं."

"अहो, पण आमच्या पोटावर पाय येतो."

"तुमच्या पोटासाठी मी कोट दोनदा सैल केलाय," टेलरबाई म्हणाल्या. "आणखी काय करू?"

टेलरबाईंना नटनट्यांची खरी नावं लक्षात राहत नाहीत, किंवा त्या ठेवत नाहीत. एक नट आहे, तो प्रत्येक वाक्याआधी नाकानं श्वास ओढतो. त्याचं नाव 'पंप'. एक नटी सगळ्या भूमिका स्वतःच्या आरशासमोर केल्यासारख्या करते. ती 'आरसा'. पन्नाशीचा एक नायक अजून कॉलेजात जातो. त्याच्याविषयी त्यांचं म्हणणं असं, की गळ्याला घडी पडली की कॉलरचं शेवटचं बटण लागत नाही, आणि कॅमेरा कितीही लांब नेला तरी मला ते दिसतं. हल्लीच्या सिनेमांवर त्यांचा मोठा राग म्हणजे गरीब माणसाचे कपडे. "शर्टाला भोक पाडतात, पण भोकाच्या कडेला धागा निघालेला नसतो. कात्रीनं पाडलेलं भोक आणि झिजून पडलेलं भोक यात फरक असतो की नाही? आणि त्या शर्टाला इस्त्री! भुकेला माणूस आधी इस्त्री करून घेतो आणि मग भुकेनं कासावीस होतो."

या सगळ्यांत त्यांना मनापासून आवडणारा नट एकच. त्याचं नाव 'खांदेपाडू'. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. टेलरबाईंनी त्याचे अकरा सिनेमे पाहिलेत आणि त्या सांगतात की हा माणूस समोर आला तर टेप न लावता मी त्याचा शर्ट बेतून देईन. "बाकीचे तोंडानं काम करतात. हा पाठीनं करतो. तोंडानं कुणीही खोटं बोलतं हो, पाठीला जमत नाही ते."

तर त्या शुक्रवारी खांदेपाडूचाच सिनेमा लागला होता, आणि टेलरबाईंना तो पाहायची घाई होती त्याचं कारण खांदेपाडू नव्हता. त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे त्यांची भाची, त्या सिनेमाच्या कपड्यांच्या विभागात होती. तिचा हा पहिला सिनेमा. नायकाचे शर्ट तिनं शिवले होते.

भाची शिलाई शिकली ती टेलरबाईंच्याच दुकानात. शाळा संपल्यावर दोन वर्षं ती रोज यायची. हात हलका, नजर पक्की, पण सुरुवातीला एक घोळ नेहमी करायची. कापड कमी असलं की दुहेरी घडी न घालता एकेरी कापायचं असतं. तेव्हा कागदाचा बेत, म्हणजे मापाचा नमुना, एकदा सरळ ठेवायचा आणि एकदा उलटवून. भाची उलटवायला विसरायची. मग शर्टाचे दोन्ही पुढचे भाग एकाच बाजूचे निघायचे, किंवा बाजू सांभाळायच्या नादात काजपट्टी भलतीकडे जायची. पुरुषाच्या शर्टाची काजं घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतात, बायकांच्या उजव्या. एका शिक्षकाचा शर्ट तिनं असाच उजव्या काजांचा करून ठेवला. त्यांनी तो ट्रायलला घातला आणि पाच मिनिटं बटणांशी झोंबत राहिले. त्या दिवशी टेलरबाईंनी तिच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, "कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला फुली मारायची. कितीही घाई असो. फुली नाही तर शिलाई नाही." भाचीच्या अंगात ते इतकं भिनलं की घरच्या उशीच्या अभ्र्यावरही ती फुली मारायची. बहीण वैतागून म्हणायची, "ताई, हिनं टॉवेलवर पण खडू लावलाय."

तर टेलरबाई सिनेमाला बसल्या. खांदेपाडू त्यात एका गावातला शाळामास्तर होता. फिकट निळ्या बारीक रेघांचा शर्ट, जवळजवळ पूर्ण सिनेमाभर तोच. टेलरबाईंनी कॉलर पाहिली, खांद्याची शिवण पाहिली, बाहीचा जोड पाहिला. डावा खांदा खाली असल्याचं भाचीनं ध्यानात घेतलं होतं, त्या बाजूला अर्धा इंच कमी कापलं होतं. टेलरबाईंचा ऊर भरून आला. शेजारच्या अनोळखी बाईला त्या म्हणाल्या, "शर्ट बघा शर्ट." ती म्हणाली, "गोष्ट बघू द्या हो."

आणि मग शेवटचा निरोपाचा प्रसंग आला. बस स्टँड, मास्तर गाव सोडून चाललाय, त्याचा जिच्यावर जीव आहे ती बाई त्याला निरोप द्यायला आली आहे. पडद्यावर मास्तर कमरेपासून वर दिसला. एका हातानं छातीवर बॅगेचा पट्टा धरलेला. तीन सेकंद, फार तर चार. टेलरबाई ताठ झाल्या. काजं उजव्या बाजूला होती.

थिएटरमध्ये लोक रडत होते. टेलरबाईंना पुढचं काहीही दिसलं नाही. शेवटी पाट्या सुरू झाल्या, लोक उठून गेले, झाडूवाली आली, तरी त्या बसून राहिल्या. भाचीचं नाव आलं, बारीक अक्षरात, झरकन वर गेलं. त्या उठल्या आणि दगडी जिना उतरताना त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. पोरीनं फुली मारली नाही.

शनिवारी सकाळी दुकान उघडून त्या बोर्डासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. सोडून देता आलं असतं. 'सिनेमा चांगला' असं लिहिता आलं असतं, आणि तो चांगलाच होता. पण बावीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाच्या कपड्यांना सोडलं नव्हतं. आज आपल्या घरातल्याला सोडलं तर मागच्या सगळ्या ओळी खोट्या, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी लिहिलं:

'निरोपाच्या वेळी हिरोनं बायकी शर्ट घातलाय. काजं उजवीकडे. शिवणाऱ्याला माप कळतं, बाजू कळत नाही.'

पूर्वी बोर्ड रस्त्यापुरता होता. या वेळी कुणीतरी त्याचा फोटो काढला. रविवारी तो फोटो इकडून तिकडे फिरला, लोक हसले, काहींनी सिनेमा बघून खरंच काजं उजवीकडे असल्याची ग्वाही दिली. सोमवारी सकाळी बहिणीचा फोन आला.

"ताई, तू काय लिहून ठेवलंयस?"

"दिसलं ते."

"अगं, तिच्या वरच्या ड्रेसवाल्या बाईंपर्यंत पोचलंय ते! त्यांनी हिला बोलावून घेतलं. पुढच्या सिनेमाला घेणार होत्या, आता बघू म्हणाल्या. रात्रभर रडतेय पोर."

"मग शर्ट नीट शिवायचा."

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का? परकी असतीस तर एक वेळ समजलं असतं. मावशी ना तू तिची? आत्ताच्या आत्ता पुस ते."

"शुक्रवारी पुसेन," टेलरबाई म्हणाल्या. "दर शुक्रवारी पुसते तसं."

बहिणीनं फोन आपटला. टेलरबाईंनी एका पँटची कंबर उसवायला घेतली आणि नको तिथपर्यंत उसवली.

दुपारी भाची स्वतः आली. जिन्याखाली शिरताना तिनं सवयीनं मान वाकवली. पूर्वीसारखी टेबलाच्या कडेला बसली नाही, उभीच राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

"मावशी, आठ शर्ट होते."

"आठ?"

"एकसारखे आठ. एक मळलेला, एक भिजवायचा, एक फाटायचा, असे. आठही मी कापले. आठांच्याही प्रत्येक तुकड्यावर फुली मारलीय. तू शिकवलीस तशी."

"मग पडद्यावर काय होतं?"

"मला नाही माहीत!"

"मी काय डोळे मिटून बसले होते? मला दिसलं. उजवीकडे काजं, डावीकडे बटणं."

"माझं तोंड बघून तरी एकदा विचारायचं होतंस. लिहिण्याआधी."

"तुझं तोंड नव्हतं पडद्यावर," टेलरबाई म्हणाल्या. "शर्ट होता."

भाची हळू म्हणाली, "शर्ट पेटाऱ्यात बंद आहेत, किल्ली बाईंकडे. फोटो माझ्याकडे नाहीत. आता मलाच वाटायला लागलंय, की आठांतला एखादा शेवटचा, घाईत... तू म्हणतेयस म्हणजे झालंच असेल." तिनं मान झटकली. "पण नाही झालेलं, मावशी. माझ्या हाताला माहितेय."

"चहा घे."

"नको. पुस ते."

"नाही."

"का?"

"कारण आज तुझ्यासाठी पुसलं तर उद्या डोअरकीपरसाठी पुसावं लागेल. मग बोर्ड कशाला? दार परत कपाटाला लावते."

"ठीक आहे," भाची म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "पण एक कर. परत एकदा बघ तो सिनेमा. माझ्यासाठी नको बघू. तुझ्या त्या बोर्डासाठी बघ. त्यावर खोटं राहून गेलं तर तुलाच झोप यायची नाही."

ती गेली. टेलरबाईंनी मशीन सुरू केलं, धागा तुटला, परत ओवला, परत तुटला. 'माझ्या हाताला माहितेय' हे वाक्य त्यांना सोडत नव्हतं, कारण ते त्यांचंच होतं. गिऱ्हाईक कटकट करायला लागलं की त्या हेच म्हणायच्या.

मंगळवारी बारा वाजता टेलरबाईंनी दुकानाचं शटर ओढलं. कामाच्या दिवशी, भर दुपारी. शेजारचा किल्लीवाला उठून उभा राहिला. "बाई, घरी सगळं ठीक ना?"

"घरी ठीक. समोर बिघडलंय," म्हणून त्या रस्ता ओलांडून गेल्या.

डोअरकीपरनं तिकीट फाडताना भुवया वर केल्या. "दुसऱ्यांदा? एवढा आवडला?"

"आवडायचं काय ते नंतर बघू. शर्ट बघायला आलेय."

"आज सगळेच शर्ट बघायला येतायत," तो म्हणाला. "सकाळपासून चौघांनी विचारलं, कुठल्या सीनला आहे म्हणून. मालक खूश आहेत. पण बाई, खरं सांगू? मी रोज चार वेळा बघतो, मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं त्या सीनला, पण काय ते सांगता येत नाही. मला वाटलं मला त्या बाईचं रडणंच सहन होत नाही."

टेलरबाई त्याच कडेच्या खुर्चीत बसल्या. या वेळी त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं, की काजांकडे बघायचंच नाही. काजं तर बघून झाली. गेल्या वेळी ती दिसली आणि बाकीचं दिसायचं बंद झालं, हे त्यांना आता कळत होतं. एखाद्या कोटाचा खांदा बिघडलेला असला तर खांद्याकडे बघत बसून उपयोग नसतो. माणसाला चालायला लावायचं आणि सगळा कोट बघायचा. त्यांनी सिनेमाभर खांदेपाडूला बघितलं. घड्याळ डाव्या मनगटावर. भांग डावीकडे. शर्टाचा खिसा डावीकडे, त्यात लाल पेन. आणि डावा खांदा, बोटभर खाली.

बस स्टँड आलं. टेलरबाई पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकल्या. छातीवर पट्टा धरलेला हात. खिसा त्या हाताखाली झाकलेला, म्हणूनच शुक्रवारी दिसला नव्हता. पण पेनचं लाल टोक हाताच्या बाजूनं डोकावत होतं, आणि ते उजवीकडे होतं. भांग उजवीकडे. आणि खांदा...

उजवा खांदा खाली होता.

"अरे!" टेलरबाई मोठ्यानं म्हणाल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी 'श्श' केलं.

शर्ट चुकीचा शिवता येतो. भांग पाडता येतो, घड्याळ हात बदलतं. पण अकरा सिनेमे डावीकडे पडलेला माणसाचा खांदा तीन सेकंदांपुरता उजवीकडे नेऊन ठेवणारा टेलर अजून जन्माला यायचाय. मग चुकलं होतं काय, ते टेलरबाईंना एकदम समजलं, आणि समजलं ते त्यांच्या स्वतःच्या टेबलावरचं कापड आठवून. तुकडा उलटा पडला होता. शर्टाचा तुकडा नव्हे, सिनेमाचा. कुणीतरी ते तीन सेकंदांचं चित्र कापलं होतं आणि जोडताना पालथं ठेवलं होतं, आणि आरशात दिसतं तसा सगळा माणूसच डाव्याचा उजवा झाला होता. बेताचा कागद उलटवायचा नव्हता आणि कुणीतरी उलटवला.

त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. जिना उतरून आल्या, खडू घेतला आणि बोर्डापाशी वाकल्या. आधीच्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली लिहिलं:

'शर्ट बरोबर आहे. खांदा बघा. चित्र उलटं लावलंय. वरची ओळ माझी चूक. तीही पुसणार नाही.'

किल्लीवाला शेजारून वाचत होता. "बाई, चूक आहे तर पुसा की."

"आठवडाभर पोरीची चूक सगळ्यांनी वाचली असती ना? मग माझीही वाचू देत."

मग त्यांनी भाचीला फोन केला. एरवी त्या फोनवर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत. त्या दिवशीही बोलल्या नाहीत. "तुझ्या हाताला माहीत होतं. माझे डोळे चुकले." मग भाची म्हणाली, "उद्या येते. चहा ठेव."

बुधवारी ती आली आणि या वेळी टेबलाच्या कडेला बसली. टेलरबाईंनी तिला सगळं सांगितलं, पेन, भांग, खांदा. भाची ऐकता ऐकता हसायला लागली आणि मग कपाळावर हात मारला.

"मावशी, अगं, तो सीन घेतला तेव्हा नट-नटीचं भांडण झालं होतं. तो एका दिवशी उभा राहिला आणि ती दुसऱ्या दिवशी. दोघं एकाच दिशेला बघत होती. जोडल्यावर वाटलं असतं, की एकमेकांकडे पाठ करून निरोप घेतायत. मग चित्रं जोडणाऱ्या एडिटरनं त्याला फिरवून टाकला असणार. म्हणजे नजरा जुळल्या."

"नजरा जुळल्या आणि काजं फिरली," टेलरबाई म्हणाल्या. "जोडणाऱ्याला कुणी फुली मारायला शिकवली नाही वाटतं."

इतक्यात भाचीचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. ड्रेसवाल्या बाई होत्या. भाचीनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"तुझ्या मावशींनी आता नवीन काय लिहिलंय ते वाचलंस?" पलीकडचा आवाज चांगलाच तापलेला होता. "त्याचाही फोटो फिरतोय. जोडणाऱ्या सरांनी मला विचारलं, ही बाई कोण म्हणून."

"मॅडम, पण शर्ट बरोबर होता, हे तर..."

"शर्ट बरोबर होता, मान्य. मी पेटारा उघडून बघितला, आठही बरोबर आहेत. तुझ्यावरचं गेलं ते. पण आता त्यांच्यावर आलंय, आणि ते माझ्यापेक्षा मोठे आहेत. पुढचं काम त्यांच्याचबरोबर आहे. दोन्ही ओळी पुसायला सांग. लगेच."

टेलरबाईंनी हात पुढे करून फोन उचलला. "मीच बोलतेय. मावशी."

पलीकडचा आवाज जरा खाली आला. "हे बघा, तुम्ही मोठ्या आहात. पण सिनेमा कसा होतो हे तुम्हाला माहीत नाही. अशा गोष्टी कराव्या लागतात. प्रेक्षकांना त्या दिसत नसतात. तुम्ही कोण सिनेमावर बोलणाऱ्या?"

"तिकीट काढणारी," टेलरबाई म्हणाल्या. "या वेळी तर दोनदा काढलंय. आणि करावं लागलं तर करा ना, माझी कुठे ना आहे? पण मला दिसलंच नाही असं नका सांगू. आमच्या डोअरकीपरला पण खटकलं होतं. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, दोष त्याचाच आहे."

"तुमच्या भाचीचं नुकसान होईल, एवढंच सांगते."

सोमवारी त्या बहिणीशी बोलल्या होत्या तेव्हा त्यांच्याकडे लगेच उत्तर होतं. आता नव्हतं. एकदा त्यांनी पोरीला न विचारता लिहिलं होतं. दुसऱ्यांदाही तिला न विचारताच लिहिलं होतं, ती चांगली गोष्ट होती तरी. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि भाचीकडे सरकवला.

"तू सांग," त्या हळू म्हणाल्या. "बोर्ड माझा, पण काम तुझं आहे. तू म्हणशील तर..."

वाक्य त्यांना पुरं करता येईना. बावीस वर्षांत ते त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, आताही नीट निघत नव्हतं. भाची त्यांच्याकडे बघत राहिली. मग फोनकडे वाकली.

"मॅडम, तो बोर्ड शुक्रवारपर्यंत पुसला जात नाही."

"काय?"

"पुसला जात नाही. माझ्यावर लिहिलं होतं तेव्हा मी रडले, पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं, तेव्हा पुसला नाही. आता सरांसाठी पुसला, तर मी त्यांच्यापेक्षा कमी ठरते. शर्ट आठही बरोबर आहेत, तुम्हीच म्हणालात. पुढच्या कामाला बोलवायचं तर शर्ट बघून बोलवा."

मग "कळवते" एवढं म्हणून फोन बंद झाला.

बाहेर बाराच्या खेळाची रांग लागायला सुरुवात झाली होती. डोअरकीपर कुणाला तरी ओरडून सांगत होता, "शर्ट नाही हो, खांदा, खांदा बघा!"

"तुझी आई मला जिवंत ठेवणार नाही," टेलरबाई म्हणाल्या.

"मला पण नाही," भाची म्हणाली. "नाही बोलावलं तर येऊ का परत इथे?"

"इथे दोन मशीन आहेतच. पण बोलावतील."

"कशावरून?"

"डाव्या खांद्याला अर्धा इंच कमी कापलं होतंस. अख्ख्या थिएटरमध्ये मला एकटीला दिसलं असेल, पण घालणाऱ्याला कळलं असणार. तो माणूस पाठीनं काम करतो."

भाची हसली. चहा संपवून ती बाहेर आली. चार दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बोटं लावून लावून अक्षरं पुसट केली होती. 'काजं उजवीकडे'मधला 'उ' तर गेलाच होता. तिनं मान वळवून आत बघितलं. टेलरबाई मशीनवर बसल्या होत्या, पण पाय हलत नव्हते.

"मावशी, खडू दे."

टेलरबाईंनी टेबलावरचा चपटा खडू तिच्याकडे टाकला. भाची फुटपाथवर उकिडवी बसली आणि तिनं आधी वरची ओळ ठळक केली. शिवणाऱ्याला माप कळतं, बाजू कळत नाही. एकही अक्षर सोडलं नाही. मग खालची घेतली.